दंगल न झालेल्या शहरांची साक्ष

दंगल उसळली की चौकशी आयोग नेमला जातो. पहिला दगड कोठून आला, मिरवणूक कोणत्या रस्त्याने गेली, पोलीस किती उशिरा पोहोचले, याचा तपशीलवार हिशेब मांडला जातो. १९७०च्या भिवंडी, जळगाव व महाड येथील दंगलींवरील न्या. मादन आयोगाचा अहवाल आणि १९९२-९३च्या मुंबई दंगलींवरील न्या. श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल ही या परंपरेतील मोलाची कागदपत्रे होत. मात्र जळालेल्या शहराची चौकशी कितीही सखोल झाली, तरी एक प्रश्न तिच्या कक्षेबाहेर राहतो. तशीच वस्ती, तशीच अफवा आणि तसाच तणाव असलेले दुसरे शहर त्याच आठवड्यात का पेटले नाही?

गेल्या तीन दशकांत सामूहिक हिंसेच्या अभ्यासकांनी हा प्रश्न मध्यभागी आणला. त्यांच्या हाती आलेले पुरावे सर्वार्थाने पक्के नाहीत आणि त्यांच्यात मतभेदही आहेत. तरीही त्यातून एक निष्कर्ष स्पष्टपणे पुढे येतो. शांतता केवळ लोकांच्या चांगुलपणावर टिकत नाही. ती टिकवणारी नाती संस्थांमध्ये बांधलेली असावी लागतात आणि त्यांच्या पाठीशी शासनाची इच्छा उभी असावी लागते. यांपैकी कोणतीही गोष्ट संकटाच्या रात्री उभारता येत नाही.

मूठभर शहरांचा प्रश्न

या संशोधनाचा पाया राज्यशास्त्रज्ञ आशुतोष वार्ष्णेय आणि स्टीव्हन विल्किन्सन यांनी घातला. ‘टाइम्स ऑफ इंडिया’च्या मुंबई आवृत्तीचे १९५० ते १९९५ या काळातील अंक चाळून त्यांनी हिंदू-मुस्लिम दंगलींची नोंदवही तयार केली. तिच्यातून दिसलेले चित्र रूढ समजुतीला छेद देणारे होते. देशाची बहुसंख्य जनता खेड्यांत राहत असतानाही दंगलींतील एकूण मृत्यूंपैकी खेड्यांतील मृत्यू ४ टक्क्यांहून कमी होते. अहमदाबाद, मुंबई, अलिगढ, हैदराबाद, मेरठ, वडोदरा, कोलकाता आणि दिल्ली या ८ शहरांच्या वाट्याला सुमारे ४६ टक्के मृत्यू आले होते. देशाच्या नागरी लोकसंख्येपैकी जेमतेम १८ टक्के लोक या शहरांत राहत होते.

या यादीतील वडोदरा आणि हैदराबाद ही मराठी समाज पिढ्यान्‌पिढ्या वसलेली शहरे आहेत, आणि मुंबईबद्दल तर वेगळे सांगायला नको. म्हणजे हा विषय मराठी वाचकाला दूरचा नाही. मात्र आकडेवारीची दुसरी बाजू अधिक बोलकी आहे. उरलेल्या शहरांतही दोन्ही समाज राहत होते, तेथेही सण एकाच दिवशी येत होते, फाळणीच्या आठवणी तेथेही होत्या. धर्मभेद हेच दंगलीचे कारण मानले, तर सर्वत्र असलेले कारण परिणाम मात्र काही ठिकाणीच का घडवते, याचे उत्तर मिळत नाही.

शेजार आणि संस्था

हे उत्तर शोधण्यासाठी वार्ष्णेय यांनी शहरांच्या जोड्या लावल्या. एक वारंवार पेटणारे, दुसरे शांत, आणि दोन्हींतील मुस्लिम लोकसंख्येचे प्रमाण जवळपास सारखे. अलिगढसमोर कालिकत म्हणजे आजचे कोझिकोड, हैदराबादसमोर लखनौ आणि अहमदाबादसमोर सुरत, अशा या तीन जोड्या. २००२मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात या तुलनेचे फलित सविस्तर मांडले आहे.

अलिगढ आणि कालिकत या दोन्ही शहरांत मुस्लिमांचे प्रमाण एक तृतीयांशाहून थोडे अधिक. अयोध्या आंदोलनाच्या काळात दोन्हीकडे तणाव होता, दोन्हीकडे अफवा पसरल्या. डिसेंबर १९९०मध्ये अलिगढच्या विद्यापीठ रुग्णालयात हिंदू रुग्णांना ठार मारले जात असल्याची अफवा उठली. ती खोटी होती. तरीही स्थानिक वृत्तपत्रांनी ती छापली आणि पुढे प्रेस कौन्सिलने त्यांना दोषी धरले. तोवर माणसे मारली गेली होती. कालिकतमध्ये अशाच अफवांचा पोलिसांनी, राजकीय पक्षांनी आणि व्यापारी संघटनांनी एकत्रितपणे माग काढला आणि त्या तेथल्या तेथे विझवल्या.

हा फरक दोन्ही शहरांच्या दैनंदिन जीवनात रुजलेला होता. वार्ष्णेय यांच्या पाहणीत कालिकतमधील सुमारे ८३ टक्के लोकांनी दोन्ही समाज अनेकदा एकत्र जेवतात असे सांगितले. अलिगढमध्ये हे प्रमाण ५४ टक्के होते. मुले एकत्र खेळतात असे सांगणाऱ्यांचे प्रमाण कालिकतमध्ये ९० टक्क्यांच्या आसपास, तर अलिगढमध्ये ४२ टक्के होते. यापुढची गोष्ट अधिक महत्त्वाची. शेजारधर्म, सणासुदीची ये-जा, सुखदुःखातील सोबत या नात्यांचा उपयोग होतो. पण मोठ्या शहरात आणि मोठ्या आघातासमोर ती पुरी पडत नाहीत. जेथे व्यापारी संघटना, कामगार संघटना, वाचनालये, व्यावसायिकांची मंडळे आणि पक्षांच्या शाखा यांत दोन्ही समाजांचे लोक एकत्र काम करतात, तेथे शांतता अधिक टिकते.

त्याचे कारण व्यवहारी आहे. शेजारी दोन घरांना ओळखतो, संघटना संपूर्ण बाजारपेठेला ओळखते. दंगल झाली तर दोन्ही समाजांच्या सभासदांचे एकाच वेळी नुकसान होते. त्यामुळे शांततेत तिचे स्वतःचे हितही गुंतलेले असते. अफवा खरी की खोटी हे ताडून पाहण्यासाठी तिच्याकडे माणसे असतात आणि पोलिसांशी बोलण्यासाठी तिच्याकडे अधिकाराचा आवाज असतो.

अशा संस्था ढासळल्या की काय होते, याचे उदाहरण अहमदाबाद आहे. १९२०मध्ये स्थापन झालेला मजूर महाजन संघ, गांधीवादी संस्था आणि काँग्रेस पक्षाची स्थानिक संघटना यांच्या जाळ्याने एकेकाळी हे शहर बांधलेले होते. ते जाळे विरत गेले. १९६९च्या दंगलीत शहर होरपळले आणि पुढे कापड गिरण्या बंद पडत गेल्याने उरलासुरला आधारही गेला. सुरतेचे चित्र याहून बोधप्रद आहे. डिसेंबर १९९२मध्ये तेथील हिंसा मुख्यतः नव्या झोपडपट्ट्यांत घडली. जेथे व्यापारी संघटनांची वीण घट्ट होती ते जुने शहर बव्हंशी बचावले. एकाच शहरात, एकाच प्रशासनाखाली, त्याच दिवसांत दोन वस्त्यांचे भवितव्य वेगळे ठरले.

भिवंडीचा प्रयोग

जुन्या संस्थांचा वारसा नसलेल्या शहराने काय करावे, हा पुढचा प्रश्न. त्याचे उत्तर काही अंशी भिवंडीने दिले आहे. यंत्रमागांचे हे गाव १९७०मध्ये आणि पुन्हा १९८४मध्ये दंगलींत पोळून निघाले होते. १९८८मध्ये तेथे पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्यांचे जाळे विणले. सुमारे ७० समित्यांत दोन्ही समाजांचे रहिवासी आणि पोलीस नियमितपणे एकत्र बसू लागले. सणांपुरती बोलावली जाणारी, मान्यवरांच्या भाषणांनी संपणारी शांतता समिती आणि ही समिती यांत मूलभूत अंतर होते. येथे गल्लीतील किरकोळ तक्रारी मिटवल्या जात. त्यामुळे लोकांना पोलिसांची आणि एकमेकांची सवय झाली.

डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३मध्ये मुंबई जळत होती. श्रीकृष्ण आयोगाच्या नोंदीनुसार तेथे ९०० माणसे मृत्युमुखी पडली. भिवंडी मात्र शांत राहिली. खोपडे यांनी पुढे लिहिलेल्या पुस्तकाचे नावच ‘मुंबई जळाली, भिवंडी का नाही?’ असे आहे. मुंबईतही दंगलीनंतर मोहल्ला समित्यांची चळवळ उभी राहिली आणि त्यात ज्येष्ठ पोलीस अधिकाऱ्यांनी व नागरिकांनी पुढाकार घेतला.

परंतु भिवंडीची गोष्ट येथेच थांबत नाही. जुलै २००६मध्ये याच शहरात पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून जमाव आणि पोलीस समोरासमोर आले. पोलिसांच्या गोळीबारात नागरिकांचे बळी गेले आणि जमावाने दोन पोलीस कर्मचाऱ्यांना ठार केले. तो हिंदू-मुस्लिम संघर्ष नव्हता, तर पोलीस आणि रहिवासी यांच्यातील विश्वास तुटल्याची ती खूण होती. चांगला अधिकारी बदलून जातो. त्याने उभी केलेली व्यवस्था नियमांत आणि सवयीत उतरली नाही, तर तीही त्याच्यामागोमाग जाते.

आदेश कोण देतो

समाजातील नाती कितीही घट्ट असली तरी बंदुका आणि लाठ्या शासनाच्या हाती असतात. या बाजूवर बोट ठेवले ते वार्ष्णेय यांचेच सहकारी विल्किन्सन यांनी. २००४मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी असे दाखवले की, भारतातील पोलीस दल दुबळे असले, तरी स्पष्ट आदेश मिळाल्यास दंगल रोखण्याइतके बळ त्याच्यापाशी असते. तो आदेश मिळणे किंवा न मिळणे हे बऱ्याच अंशी राज्य सरकारच्या निवडणूक-गणितावर अवलंबून असते. सत्ता टिकवण्यासाठी अल्पसंख्याकांची मते आवश्यक असतील, तर सरकार वेळीच हालते. तशी गरज नसेल, तर उशीर होतो.

या विवेचनाला बिहारचे उदाहरण पुष्टी देते. १९८९मध्ये भागलपूरच्या दंगलीत सुमारे हजार माणसे मारली गेली. पुढच्याच वर्षी राज्यात सत्ताबदल झाला. दंगल झाल्यास जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षक यांना जबाबदार धरले जाईल, अशी समज नव्या सरकारने प्रशासनाला दिली. सीतामढीसारखे अपवाद घडले. तरी डिसेंबर १९९२मध्ये देशातील अनेक शहरे पेटलेली असताना बिहार तुलनेने शांत राहिला. पोलीस दल तेच होते, समाजही तोच होता. वरून येणारा संदेश बदलला होता.

राज्यशास्त्रज्ञ पॉल ब्रास यांनी आणखी कठोर मत मांडले. दीर्घकाळ अलिगढचा अभ्यास केल्यानंतर त्यांचा निष्कर्ष असा की, वारंवार पेटणाऱ्या शहरांत दंगल आपोआप होत नाही. ती घडवणारी माणसे कायम सज्ज असतात. कोणी तणाव जिवंत ठेवतो, कोणी वेळ आली की जमाव गोळा करतो, आणि नंतर कोणी ‘उत्स्फूर्त उद्रेक’ असे त्याचे स्पष्टीकरण देतो. हिंसेची यंत्रणा कायमस्वरूपी असेल, तर शांततेची यंत्रणा हंगामी असून चालणार नाही, हा त्यातील इशारा.

हाच धडा जगाने रवांडात त्याहून कितीतरी भयंकर किंमत मोजून शिकला. जानेवारी १९९४मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या तेथील दलाचे प्रमुख रोमिओ डॅलेअर यांनी शस्त्रसाठ्यांची आणि संभाव्य हत्याकांडाची माहिती न्यूयॉर्कला कळवली होती. साठ्यांवर छापे टाकण्याची परवानगी त्यांना मिळाली नाही. एप्रिलमध्ये कत्तल सुरू झाली, आणि सुरक्षा परिषदेने सुमारे अडीच हजारांचे ते दल वाढवण्याऐवजी २७०वर आणण्याचा ठराव केला. सुमारे १०० दिवसांत, संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार, ८ लाख माणसे मारली गेली. सूचना वेळेवर मिळाली होती. तिच्यावर कृती करण्याची तयारी नव्हती. लिसा हल्टमन, जेकब कॅथमन आणि मेगन शॅनन यांनी २०१३मध्ये यादवी युद्धांच्या आकडेवारीतून दाखवले की, शांतिसैनिक आणि पोलीस जेथे मोठ्या संख्येने पाठवले गेले तेथे नागरिकांच्या हत्या कमी झाल्या. निःशस्त्र निरीक्षकांच्या उपस्थितीचा तसा परिणाम आढळला नाही. नुसत्या नजरेने हिंसा थांबत नाही, हा त्याचा अर्थ.

मैदानातील मैत्रीची मर्यादा

सलोख्यासाठी शासन आणि स्वयंसेवी संस्था यांचा आवडता उपाय म्हणजे एकत्र खेळ, एकत्र शिबिरे. त्याचीही आता काटेकोर परीक्षा झाली आहे. अर्थशास्त्रज्ञ मॅट लो यांनी उत्तर प्रदेशात वेगवेगळ्या जातींच्या १,२६१ तरुणांना घेऊन क्रिकेट स्पर्धांचा प्रयोग केला. कोण संमिश्र संघात आणि कोण एकजातीय संघात, हे चिठ्ठ्या टाकावे तसे ठरवले. एकाच संघात खेळणाऱ्यांत जातीबाहेरची मैत्री वाढली. मात्र ज्यांचा दुसऱ्या जातींच्या तरुणांशी संबंध केवळ प्रतिस्पर्धी म्हणून आला, त्यांच्यात परिणाम बहुतांशी उलट झाला. केवळ जवळ आणून भागत नाही. समान ध्येयासाठी एकत्र राबावे लागते.

इराकमध्ये साल्मा मूसा यांनी इस्लामिक स्टेटच्या अत्याचारांनी विस्थापित झालेल्या ख्रिस्ती तरुणांच्या फुटबॉल संघांत मुस्लिम खेळाडू मिसळले. २०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार ख्रिस्ती खेळाडू आपल्या संघातील आणि स्पर्धेतील मुस्लिमांशी आपुलकीने वागू लागले. स्पर्धा संपल्यावरही एकत्र सराव चालू राहिला. परंतु मैदानाबाहेरच्या, अनोळखी मुस्लिमांविषयीचे वर्तन फारसे बदलले नाही. ओळखीच्या माणसापुरते मन मोकळे झाले, समाजाविषयीचा संशय तसाच राहिला.

रवांडात नरसंहारानंतर एलिझाबेथ लेव्ही पॅलक यांनी सलोख्याच्या नभोनाट्याचा वर्षभर प्रभाव तपासला. श्रोत्यांच्या वैयक्तिक मतांत विशेष बदल झाला नाही, पण ‘आपल्या गावात कसे वागणे योग्य मानले जाते’ याविषयीची त्यांची कल्पना बदलली. ते मतभेद उघडपणे बोलू लागले, एकमेकांना सहकार्य करू लागले. माणसाचे अंतःकरण पालटण्याची वाट न पाहताही त्याचे सार्वजनिक वर्तन बदलू शकते, हा या संशोधनातील आशादायक भाग आहे.

बंदरांचा वारसा

गोव्याच्या किनाऱ्यावरील वाचकाला सौमित्र झा यांचे संशोधन विशेष जवळचे वाटेल. मध्ययुगात हिंदी महासागरातील जहाजवाहतुकीत मुस्लिम व्यापाऱ्यांचे वर्चस्व होते. बंदरांच्या शहरांत हिंदू आणि मुस्लिम व्यापारी परस्परांना पूरक होते. एकाचे काम दुसरा सहज बळकावू शकत नव्हता. म्हणून भागीदारीचे आणि लाभवाटपाचे नियम तयार झाले. झा यांच्या अभ्यासानुसार मध्ययुगीन बंदरांत लोकवस्ती अधिक संमिश्र होती. असे असूनही १८५० ते १९५० या शंभर वर्षांत तेथे दंगल होण्याचे प्रमाण इतर शहरांच्या एक पंचमांश होते आणि १९५० ते १९९५ या काळात निम्मे.

वास्को द गामा १४९८मध्ये कालिकतला पोहोचला, १५१०मध्ये पोर्तुगिजांनी गोवा जिंकले आणि समुद्रावरील जुनी घडी विस्कटत गेली. मूळ व्यापार संपून शतके लोटली तरी त्यातून निर्माण झालेल्या सवयी आणि संस्था टिकून राहिल्या, ही यातील लक्षणीय बाब. सहिष्णुता कोणा एका प्रांताच्या रक्तात असते असे मानण्यास येथे आधार नाही. ती हितसंबंध आणि नियम यांतून घडत गेली.

जुने चित्र, नवे धोके

या साऱ्या निष्कर्षांवर आक्षेप आहेत आणि ते गंभीर आहेत. संस्थांमुळे शांतता टिकते, की शांतता असते म्हणून संस्था टिकतात, हे शहरांच्या तुलनेतून निर्विवादपणे सिद्ध होत नाही. खेडी सुरक्षित असल्याचे चित्रही बदलले आहे. २००२मध्ये गुजरातमधील हिंसा ग्रामीण जिल्ह्यांतही पसरली. केंद्र सरकारने २००५मध्ये संसदेत दिलेल्या माहितीनुसार तिच्यात ७९० मुस्लिम आणि २५४ हिंदू मारले गेले. २०१३मध्ये मुझफ्फरनगर परिसरातील गावांत साठाहून अधिक बळी गेले आणि हजारो कुटुंबे परागंदा झाली. याच पट्ट्यात भारतीय किसान युनियनच्या मेळाव्यांत एकेकाळी ‘अल्ला हो अकबर’ आणि ‘हर हर महादेव’ या घोषणा एकाच व्यासपीठावरून दिल्या जात. ती संघटना क्षीण झाली होती, आणि परक्या देशातील जुनी चित्रफीत स्थानिक घटना म्हणून फोनवर फिरत होती.

अफवेचा वेग आता कोणत्याही मोहल्ला समितीच्या बैठकीहून अधिक आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी समजून भटक्या समाजातील पाच जणांना जमावाने ठार मारले. त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने जमावहिंसा रोखण्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात किमान पोलीस अधीक्षक दर्जाचा अधिकारी नेमण्याचा आदेश दिला. त्याआधी २००६मध्ये प्रकाशसिंह खटल्यात न्यायालयाने पोलीस अधिकाऱ्यांना निश्चित कार्यकाळ देण्यास सांगितले होते. संशोधन ज्या दिशेने बोट दाखवते, त्याच दिशेचे हे दोन्ही आदेश आहेत. त्यांची अंमलबजावणी कागदोपत्री आहे की प्रत्यक्ष, याची विचारणा शांततेच्या काळातच व्हायला हवी.

गोव्यासारख्या छोट्या राज्याला आपण यापासून दूर आहोत असे मानण्याचा मोह होतो. मार्च २००६मध्ये सावर्डे-कुडचडे परिसरात प्रार्थनास्थळाच्या वादातून झालेल्या हिंसेने तो मोह अनाठायी ठरवला आहे. छोट्या राज्याला एक सोय मात्र आहे. येथे बाजारांच्या संघटना, सहकारी संस्था, मच्छीमारांच्या संघटना, क्रीडा मंडळे मोजता येण्याइतकी आहेत. त्यांपैकी किती संस्थांच्या कार्यकारिणीवर सर्व समाजांची माणसे आहेत, नव्याने वसलेल्या कामगार वस्त्यांत अशी एखादी तरी संस्था आहे का, अफवा उठल्यास पोलीस ठाण्याने पहिला फोन कोणाला करायचा हे ठरलेले आहे का, या प्रश्नांची उत्तरे कोणत्याही तालुक्यात आठवडाभरात गोळा होऊ शकतात. सुरतेच्या नव्या वस्त्यांत ही उत्तरे कोणी गोळा केली नव्हती.

दंगल टळली याची बातमी होत नाही, तिच्यासाठी कोणाला मतेही मिळत नाहीत. म्हणूनच प्रतिबंधाच्या कामाला राजकारणात वाली नसतो आणि अंदाजपत्रकात रक्कम नसते. कालिकतच्या व्यापाऱ्यांनी आणि भिवंडीच्या समित्यांनी ते काम कोणी पाहत नसताना, किरकोळ वाटणाऱ्या बैठकांतून केले. पुढच्या अफवेच्या रात्री एखादे गाव कसे वागेल, हे तशा बैठका तेथे आज होत आहेत की नाहीत यावर ठरेल.